साकु

खानापूर रोड रुंद करताना पाडलेल्या झाडाच्या ढोलीत
दोन मेलेली होती. तिसरं
भरमानं टोपीत घालून वडगावपर्यंत आणलं.
म्हणाला, "तू कांड्या भरतीस, हात हलका आहे तुझा.
बघ की, जगतंय का."

हिरवं म्हणावं असं अंगावर काही नव्हतं.
काड्या नुसत्या, पिसांची बंद म्यानं,
आणि मोठ्या भावाची उसनी घातल्यासारखी
ती चोच.

नाचणी, भाजलेल्या डाळ्याची पूड,
फडक्यातून दोनदा गाळलेली.
मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकायचा.
चटका बसला तर थांबायचं,
गार लागला तर परत चुलीवर.
पडला की नाही ते कळत नाही, तेव्हा बरोबर.
मग बिनसुईची पिचकारी
चोचीच्या डावीकडून, हळू.

मागं माग चालू. खट्‌ खटाक्‌, खट्‌ खटाक्‌.
त्याच ठेक्यात ते मान हलवून ओढून घ्यायचं.
लाईट गेली, माग थांबले,
हे चालूच.
बॅटरी धरली की गळ्याखालच्या पिशवीत
पेज दिसायची, पातळ कातडीतून,
कंदिलातल्या तेलासारखी.
पिशवी उतरली की परत.
दर तीन तासांनी. रात्री तीनलासुद्धा.
त्या महिन्यात माझ्या कांड्या कमी भरल्या,
रेवणकर मालकांनी वहीत लाल रेघ ओढली.

भिंतीपलीकडून नीलव्वा डोकावायची.
"बिसी नोड, अक्का." कढत आहे का बघ.
ती त्याला गिळी म्हणायची.
तिच्यात गिळी म्हणजे पोपट,
माझ्यात गिळ म्हणजे गिळ.
"गिळी, गिळी", "गिळ, गिळ",
दोघी दोन्ही बाजूंनी म्हणायचो
आणि ते तोंड उघडायचं.

सहाव्या आठवड्यात बुट्टीत भिजवलेले हरभरे ठेवले,
पेरूची फोड,
सुताच्या फासात अडकवलेली हिरवी मिरची.
सगळं चोचीत धरून बघायचं
आणि खाली टाकायचं,
बाजारात भाव न पटलेल्या बाईसारखं.

मग एका सकाळी पिचकारी बघून
त्यानं तोंड मिटलं.
पेज माझ्या पदरावर, भिंतीवर, देवाच्या फोटोवर.
दुपारीही तेच.
सुताच्या तराजूत घातलं, चार ग्रॅम कमी.
मला घाम फुटला.
डोकं दोन बोटांत धरलं, चोच उघडली, रेटलं.
ते ओरडलं नाही.
एका डोळ्यानं माझ्याकडं बघत राहिलं फक्त.

"साकु, अक्का," नीलव्वा म्हणाली. "साकु."
पुरे.

माझ्या आईनं माझं अंगावरचं तोडलं
ते कोरफडीचा गर लावून.
आमच्यात दूध तोडतात,
झाड तोडतात तसं.
मला काही आठवत नाही म्हणा,
पण कारलं मी अजून खात नाही.

पिचकारी धुऊन फळीवर ठेवली.
नीलव्वा जायची उठेना.
पोपटाकडं बघत म्हणाली,
"नानू वंदु साकिद्दे."
मीही एक सांभाळलं होतं.
तोच शब्द. पुरे, आणि सांभाळणं,
तिच्या भाषेत एकाच तोंडातून निघतं.
तीस वर्षं शेजारी राहून
मला आज ऐकू आलं.
पाखरू की पोरगं, विचारलं नाही.
भावाचा एक मुलगा तिच्याकडं असायचा,
पुढं हुबळीला गेला
एवढं माहीत होतं.

भरमा मधे एकदा येऊन गेला.
सायकलवरूनच म्हणाला, "उडतंय की गे!"
उडत नव्हतं, पंख झाडत होतं.
उडायच्या आधी वजन थोडं घटतंच म्हणे.
हे मला आधी कुणी सांगितलं नाही.

अजून रात्री तीनला जाग येते.
चूल पेटवायला हात जातो.
अंधारात बुट्टीतून
करडईचं टरफल फुटल्याचा आवाज येतो.
थोडं थांबून
आणखी एक.